‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणजे काय?

(मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ३१ वर्षं टेक्निशियन म्हणून काम करून निवृत्त झालेल्या ताई या सदरातून वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मंगळवेढ्याला राहते. वय ४६. घरी शिवणकाम करते, ब्लाउजच जास्त. जुलैमध्ये आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून महिना तसाच काढला. मग थोरल्या जाऊबाईंनी ओढूनच सोलापूरला नेलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. मॅमोग्राफीच्या कागदावर शेवटी ‘बायरॅड्स ४ बी’ अशी श्रेणी लिहिलीय. मंगळवारी सुई घालून तुकडे काढले आणि ‘शुक्रवारी रिपोर्ट मिळेल’ म्हणाले. शुक्रवारी फोन केला तर ‘प्रोसेसमध्ये आहे’. शनिवारी पुन्हा तेच. मग रविवार, मग गौरींची सुट्टी. बुधवारी लॅबमधली मुलगी म्हणाली, ‘आयएचसी लावलीय, अजून पाच-सहा दिवस.’ ते काय असतं असं विचारलं तर म्हणाली डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांकडे फोन केला तर कंपाउंडर म्हणतो, लॅबकडून आलं की सांगू. आज अकरावा दिवस.

मिस्टर म्हणतात, ‘काही असतं तर लगेच फोन आला असता.’ सासूबाईंनी मला न सांगता नवस बोलून टाकला. धाकटा मुलगा मोबाईलमध्ये काहीतरी वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो. सणाचे ब्लाउज कसेबसे दिले, पण एका बाईच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. कापड भरून द्यावं लागलं. मला रडू येत नाही ताई, राग येतो. कुणाचा ते कळत नाही. वाईट असलं तरी चालेल, पण एकदाचं कळू दे, असं झालंय. तुम्ही लॅबमध्ये होता म्हणून विचारते. इतके दिवस आत काय चाललेलं असतं? आणि उशीर झाला म्हणजे वाईटच असतं का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘प्रोसेसमध्ये आहे’ या शब्दांशी अडले. हे वाक्य मी स्वतः काउंटरवर इतक्या वेळा बोललेय की त्याला गणती नाही. तुमच्या धंद्यातही असं एक वाक्य आहे. ब्लाउज अजून कापलेलाही नसतो, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं, आणि आपण म्हणतो, ‘झालाय, फक्त हूक लावायचेत.’ आमचं वाक्य त्याच जातीचं. ते अगदी खोटं नसतं, पण समोरच्याला त्यातून काही कळू नये अशी त्यात सोय असते. तेव्हा आधी ते वाक्यच तुम्हाला उसवून दाखवते.

मंगळवारी सुईने काढलेले तुकडे शेवईसारखे असतात. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, पांढुरके. ते लगेच फॉर्मालिनच्या डबीत टाकतात. स्तनाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचा, असा दंडक आहे. घाई केली तर पुढच्या काही तपासण्या भरवशाच्या राहत नाहीत. म्हणजे मंगळवार डबीतच गेला. बुधवारी डॉक्टरांनी तुकडे मोजले असतील, लिहून घेतले असतील आणि छोट्या जाळीदार प्लास्टिकच्या डब्यांत घातले असतील. त्या डब्यांना आम्ही कॅसेट म्हणतो. संध्याकाळी त्या यंत्रात लावायच्या आणि घरी जायचं. रात्रभर यंत्र त्यांना या भांड्यातून त्या भांड्यात बुडवत राहतं. आधी अल्कोहोल तुकड्यातलं पाणी काढून घेतं, मग झायलिन ते अल्कोहोल काढून घेतं, आणि मग साठेक अंशावर वितळलेलं मेण त्या मोकळ्या जागेत शिरतं.

गुरुवारी सकाळी तुकडा मेणात बसवला की झाला ब्लॉक. तो गार करून मायक्रोटोमवर कापायचा. काप ३-४ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर एका केसाचे वीस पदर करून त्यातला एक उचलावा, इतका पातळ. तो कोमट पाण्यावर सोडला की त्याच्या चुण्या आपोआप मोडतात, इस्त्री फिरवल्यासारख्या. मग तो काचेवर उचलून घ्यायचा. हे करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर काप उडतो. मिरजेच्या मे महिन्यात पंखा बंद करून मी रोज सत्तर-ऐंशी ब्लॉक कापलेत, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल कुणी तक्रार केली की मी कौतुकाने ऐकून घेते. कापानंतर रंग. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघणारा हेमॅटॉक्सिलिन पेशीचं केंद्रक निळं करतो आणि इओसिन बाकीचं गुलाबी. हे सगळं होऊन काच गुरुवारी दुपारी किंवा शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली जाते.

म्हणजे शुक्रवार सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. ‘सगळं सरळ गेलं तर’ एवढे शब्द मात्र त्याने गाळले. ते शब्द गाळले जातात, आणि पुढे तुमच्यासारख्यांचे सात-आठ दिवस त्यांचा हिशेब करण्यात जातात.

शुक्रवारी डॉक्टरांनी काच बघितली आणि सही केली नाही, इतकंच आज आपल्याला नक्की माहीत आहे. सही न करण्याची कारणं बरीच असतात. कधी तुकडा तिरका बसलेला असतो आणि ब्लॉक आणखी खोल कापावा लागतो. कधी डॉक्टरांना ती काच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची असते. माझ्या मते असं दाखवणारे डॉक्टर चांगले, त्यांच्यावर चिडू नका. आणि कधी आयएचसी लागते.

आयएचसी म्हणजे त्याच ब्लॉकचे आणखी काप घेऊन त्यांवर ठरावीक प्रथिनं शोधणारे खास रंग चढवायचे. प्रत्येक रंग एकेक प्रश्न विचारतो. आता इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. स्तनाच्या तुकड्यावर आयएचसी दोन कारणांनी लावतात. पहिलं कारण असं की साध्या रंगात डॉक्टरांची खात्री पटत नाही. स्तनातल्या दुधाच्या नळीच्या भोवतालचा पेशींचा थर शाबूत आहे का ते त्यांना बघायचं असतं. त्यासाठी पी-६३ सारखे मार्कर, म्हणजे हेच खास रंग, लावतात, आणि त्यातून ‘कॅन्सर नाही’ असंही निघू शकतं. दुसरं कारण असं की कॅन्सर दिसलेला असतो आणि औषध कोणतं लागू पडेल ते ठरवायचं असतं. त्यासाठी ईआर, पीआर आणि हर-टू हे तीन मार्कर लावतात. हर-टू ‘२ प्लस’ आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी लागते आणि आणखी दिवस जातात. म्हणून उद्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘ही आयएचसी निदान ठरवण्यासाठी लावलीय की उपचार ठरवण्यासाठी?’ कंपाउंडरला नाही, डॉक्टरांना, आणि समोर बसून. या एका प्रश्नाला टाळता येणं अवघड असतं. फक्त विचारण्याआधी स्वतःला विचारून घ्या, उत्तर ऐकायला सोबत कोण असायला हवं. मला विचाराल तर थोरल्या जाऊबाईंना न्या. त्यांना बाई कशी न्यायची ते कळतं.

‘४ बी’चंही सांगते, कारण मुलगा मोबाईलमध्ये तेच शोधत असणार. बायरॅड्स ४ हा ‘शंका आहे, तुकडा काढून बघा’ असा गट. त्यातल्या ‘बी’मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता १० ते ५० टक्के धरतात. म्हणजे न निघण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त. हे मुलाला सांगा. तो बघतो आणि गप्प राहतो, त्यापेक्षा आकडा माहीत असलेला बरा.

मिस्टरांचं ‘काही असतं तर लगेच फोन आला असता’ हे मात्र चुकीचं आहे. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं, हिमोग्लोबिन फार उतरलं, तर लॅब त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन करते. बायॉप्सीचं तसं नसतं. आणि याच्या उलट, ‘उशीर झाला म्हणजे वाईटच’ हेही तितकंच चुकीचं. साध्या गाठीच्या काचा तीन तीन आठवडे अडकलेल्या मी पाहिल्यात आणि सरळ सरळ कॅन्सरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी सही होऊन गेलेलाही पाहिलाय. अवघड केसला वेळ लागतो, आणि अवघड म्हणजे वाईट नव्हे. फोन न येण्यातून काही वाचायला जाऊ नका. तिथे काही लिहिलेलंच नसतं.

तरी माणूस वाचतोच. मी स्वतः वाचलंय.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या मानेला लिंबाएवढी गाठ आली. संध्याकाळी बारीक ताप, वजन सहा किलो उतरलेलं. सर्जननी गाठ काढली आणि डबी आमच्याच लॅबमध्ये आली. फॉर्मवरचं आडनाव बघून माझ्या हाताखालच्या मुलीने ती माझ्या हाती दिलीच नाही, सरळ आत नेली. टीबी नाहीतर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथीचा कॅन्सर, दोन्हीला जागा होती. तिसऱ्या दिवशी काच तयार झाली आणि नेमके आमचे सर पुण्याला कॉन्फरन्सला गेलेले. दुपारी सगळे डबे खायला बसले तेव्हा मी ती काच मायक्रोस्कोपखाली लावली. एकवीस वर्षं काचा बनवत होते, बघायलाही थोडंथोडं शिकले होते. काय दिसलं, तर निळ्या पेशींची नुसती गर्दी, मोहरी सांडावी तशी. मी ठरवून टाकलं की हा लिम्फोमा.

पुढच्या तीन रात्री मी ह्यांना काही बोलले नाही. विम्याचे कागद शोधून एका पिशवीत घातले. पोरीची बारावी होती, तिची फी भरून टाकली. रात्री ह्यांचे श्वास मोजायचे. ते विचारायचे, ‘रिपोर्ट आला का गं?’ आणि मी, लॅबमधली बाई, म्हणायचे, ‘प्रोसेसमध्ये आहे.’

सर आले, काच बघितली आणि म्हणाले, ‘ब्लॉक अजून खोल कापा.’ खालच्या कापात ग्रॅन्युलोमा निघाले, मधोमध मेलेला भाग आणि कडेला मोठ्या पेशी. टीबी. मी बघितलेली ती गर्दी लसिकाग्रंथीत नेहमीच असते. ती तिथलीच वस्ती. टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारी मिरजेत बहुतेक मी एकटीच असेन. सहा महिने औषधं झाली, आता हे रोज सकाळी चालायला जातात आणि येताना भाजी महाग आणतात.

माझं चांगलं निघालं म्हणून तुमचंही निघेल, असं मी म्हणत नाही. मी सांगतेय ते त्या तीन रात्रींबद्दल. त्या मला काही न कळल्यामुळे आल्या नव्हत्या. अर्धवट कळलं आणि बाकीचं मी स्वतः भरलं, म्हणून आल्या. रिपोर्ट तुमच्या मोबाईलवर आला तर एकट्याने उघडू नका, आणि रात्री तर मुळीच नको. डॉक्टरांची वेळ आधी ठरवा. शक्य तर रिपोर्ट त्यांच्या टेबलावरच उघडला जाऊ दे.

‘वाईट असलं तरी चालेल, पण कळू दे’ हे तुमचं वाक्य काउंटरच्या पलीकडून मी रोज ऐकायचे. तेव्हा वाटायचं, बोलायचं म्हणून माणसं बोलतात. पुढे लेकीने एकदा एका प्रयोगाबद्दल वाचून दाखवलं. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी तो छापला होता. ४५ माणसांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असताना माणसं जितकी घामाघूम झाली, त्यापेक्षा बसेल की नाही अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना जास्त झाली. म्हणजे तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे. बायकांना ते आधीच माहीत होतं, लंडनवाल्यांनी मोजून दाखवलं.

म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो. तो रोगावर नाही, तारीख न मिळण्यावर आहे, आणि तारीख देणं लॅबच्या हातात असतं. ‘आयएचसीचे तीन मार्कर लावलेत, पुढच्या मंगळवारी चारनंतर फोन करा, माझं नाव सांगा,’ एवढं बोलायला वीस सेकंद लागतात. आमच्या लॅबमध्येही हे कुणी बोलत नसे, मीही नाही. लॅब म्हणते डॉक्टरांना विचारा, डॉक्टरांकडचे म्हणतात लॅबला विचारा, आणि मधल्या मध्ये माणूस चेंडूसारखा. हा दोष काउंटरवरच्या मुलीचा नाही. तिला रिपोर्टबद्दल बोलायची परवानगीच नसते. पण तारखेबद्दल बोलायची असते, म्हणून तिच्याकडे फक्त तारीख मागा. ‘कळेल का’ नको, ‘कोणत्या वारी’ विचारा. दिवसातून एकदाच, दुपारी चारच्या सुमाराला फोन करा. सकाळी डॉक्टर काचा बघत असतात, सह्या बहुतेक दुपारनंतर होतात. मंगळवार उलटला तर फोन नको, जाऊबाईंना घेऊन जाऊन उभ्या राहा. समोर उभ्या असलेल्या बाईला ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणणं जरा जड जातं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो मेणाचा ब्लॉक आणि त्या काचा मागितल्या तर मिळतात. अर्ज लिहून द्यायचा, सही करून घ्यायच्या. निदानाबद्दल शंका राहिली तर त्याच काचा-ब्लॉक मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या ठिकाणी पुन्हा तपासून घेता येतात. पुन्हा सुई टोचून घ्यावी लागेलच असं नाही. आणि या आठ-दहा दिवसांत गाठ वाढून हाताबाहेर जाईल ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. या गाठी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत आलेल्या असतात. रिपोर्ट नीट यायला लागलेल्या दिवसांनी उपचार हातचा जात नाही. गाठ लागल्यावर काढलेल्या महिन्याबद्दलही स्वतःला बोल लावत बसू नका, तुम्ही गेलात.

तोवर कटिंग करू नका. बाह्या चुकणारच. फॉल-पिको घ्या, काजं-हूक घ्या, अस्तरं उसवायची असतील ती उसवा. हात चालू राहिले पाहिजेत, पण कात्री नको. सासूबाईंना नवस बोलू द्या. त्यांनाही वाट बघायचीच आहे, आणि त्यांना ती तशी बघता येते.

प्रश्न : काकू, मी २४ वर्षांचा आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. छातीत पाणी झालं होतं. ते काढून तपासलं. सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबी सापडला नाही, तरी डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली आणि म्हणाले, कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघण्याचा, रिपोर्ट ४२ दिवसांनी येईल. ४२ दिवस? आयोगाच्या निकालाची सवय आहे म्हणून हेही सोसायचं का? आणि टीबी सापडलाच नाही तर गोळ्या कशाला घेतोय मी?

उत्तर : आयोगापेक्षा आमचा जंतू बरा, तो तारीख तरी पाळतो.

तो मुळात आळशी आहे. जुलाबाचा ई-कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणून त्याचं कल्चर एक-दोन दिवसांत दिसतं. टीबीच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्यामुळे लिक्विड कल्चरची बाटली ४२ दिवस बघतात. आमच्या वेळी अंड्यांपासून बनवलेल्या हिरव्या एलजे माध्यमाच्या तिरक्या नळ्या असायच्या, त्या तर आठ आठवडे ठेवायचो. दर आठवड्याला नळी उजेडात धरून बघायची, फुलकोबीसारखं काही उगवलंय का. जंतू असले तर बाटली आधीही बोलते, कधी दोन आठवड्यांत. ‘नाहीत’ हे सांगायला मात्र ४२ दिवस पूर्ण करावे लागतात. म्हणजे तुझ्या लॅबने काहीच कळवलं नाही, तर तो हलगर्जीपणा नाही.

गोळ्यांचं असं आहे. छातीतल्या पाण्यात जंतू फार थोडे असतात. पाणी साचतं ते बरंचसं आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे. म्हणून पाण्याची सीबीनॅट टीबी असूनही बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कल्चरही येतं. डॉक्टर मग पाण्यातल्या पेशी बघतात, टीबीत बहुधा वाढणारं एडीए हे द्रव्य बघतात, एक्स-रे आणि तुझा ताप बघतात आणि ठरवतात. ४२ व्या दिवशी ‘वाढ नाही’ असा कागद आला, तर तो घेऊन त्यांच्याकडे जा. स्वतःच्या डोक्याने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मी तुला रागावून सांगतेय असं समज. तोवर रोज ताप आणि दर रविवारी वजन वहीत लिही. ताप उतरला, वजन चढायला लागलं, तर तो तुझा पहिला रिपोर्ट.

आणि तुझी नोंद ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी पोर्टलवर झाली आहे का ते विचार. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. कॉट बेसिसवाल्याची अंडी सुटतात त्यात.

प्रश्न : मी टोरांटोत असतो. बाबा ७१ वर्षांचे, सांगलीत. त्यांच्या प्रोस्टेटची बायॉप्सी झाली. फॉर्मवर माझा ईमेल दिला होता, म्हणून रिपोर्ट मला आला, इथे रात्री दोनला. ‘ॲडिनोकार्सिनोमा, ग्लिसन ३+३=६’. दहापैकी सहा म्हणजे निम्म्याहून पुढे गेलंय. तीन दिवस झाले, आईबाबा रोज विचारतात आणि मी ‘अजून आला नाही’ म्हणतो. त्यांच्या मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. माझं चुकतंय का?

उत्तर : हो.

ग्लिसनचा आकडा कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात ते सांगतो, तो परीक्षेच्या मार्कांसारखा वाचायचा नसतो. बायॉप्सीत आता ६ च्या खालचा आकडा सहसा देतच नाहीत. म्हणजे बाबांचा ६ हा शिडीच्या मधला नाही, सगळ्यात खालच्या पायरीचा आकडा आहे. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी आणि बाकीचं चित्र बघून अशा कित्येक जणांना डॉक्टर लगेच काही न करता नुसते नियमित तपासत राहतात. ते बाबांना लागू आहे का हे त्यांचे डॉक्टर सांगतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. पण तीन रात्री तुम्ही ज्या आकड्याला घाबरून जागलात, तो आकडा तुम्ही चुकीचा वाचला होता.

आणि तो कागद बाबांचा आहे. तिकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेअकरा झालेले असतात. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असतील. आज फोन करा. ‘रिपोर्ट आलाय, त्यात कॅन्सर आहे, आकडा सगळ्यात खालचा आहे, गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, मी व्हिडिओवर तुमच्यासोबत असेन.’ एवढंच, या क्रमाने. तीन दिवस लपवलं हेही सांगून टाका. ते चिडतील, चिडू दे.

ता. क. मंगळवेढ्याच्या भगिनींसाठी : पत्राखाली तुम्ही दिलेल्या मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे गिरवून दुरुस्त केलेत. ७ आहे की १ ते मला तीनदा बघूनही कळलं नाही. लॅबच्या फॉर्मवरही असाच लिहिला असेल तर उद्या चारला पहिला फोन त्यासाठी करा. आमच्याकडे एका बाईंचा रिपोर्ट सही होऊन नऊ दिवस पडून होता. आम्ही रोज फोन लावायचो आणि पलीकडून जतचा कुणी ट्रॅक्टरवाला उचलायचा.